मासेबंदीतला ट्यूना

२२ जुलै, फोंडा

मासेबंदी उठायला अजून आठ-नऊ दिवस. १ जूनपासून ट्रॉलर धक्क्याला लागलेत आणि आमच्या घरात सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर इतक्यांदा झाली की आज ताट बघूनच नवरा गप्प बसला. मग फडताळातला ट्यूनाचा टिन काढला. १८५ ग्रॅमचा, मे महिन्यात हौसेने आणलेला.

सासूबाईंनी टिन हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. "हें कितें गो?"

"कुपा, आई. शिजवलेलाच असतो, नुसतं पाणी काढायचं."

"कुपा डब्यांत?" एवढंच बोलून त्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याकडे कान लावून बसल्या. बरं झालं, त्यामुळे ताज्या पोया, आमचे कोंड्याचे पाव, मिळाल्या.

करायचं होतं ट्यूना मेल्ट, म्हणजे ट्यूना आणि वितळलेल्या चीजचं गरम सँडविच. त्यात सेलरी घालतात म्हणे. ती आमच्या बाजारात कुठली! दाताखाली काहीतरी कुरकुरीत हवं म्हणून नुकतंच आलेलं तवसं, म्हणजे पावसाळी काकडी, बारीक चिरून घातलं. कांदा, मिरी, मेयोनीज, चमचाभर मोहरीची पेस्ट, आणि माडाच्या व्हिनेगरचे चार थेंब. चव घेतली तर झकास. तेवढ्यात वीज गेली, म्हणजे टोस्टर बाद. तवा ठेवला.

पहिलं सँडविच पार फसलं. खालून पोई काळी आणि आत चीजचा काप जसाच्या तसा, गार. वर तवशाला पाणी सुटून सगळं सारण कडेने तव्यावर वाहिलं. मिक्स करून दहा मिनिटं ठेवलं होतं ना, मिठाने आपलं काम केलं. कोशिंबिरीला तवसं पिळून घेतेच की मी, मग इथे अक्कल कुठे गेली होती?

दुसऱ्या खेपेला सारण चाळणीत घालून वाटीने दाबलं. चीज किसून घेतलं, अर्धं सारणाखाली, अर्धं वर, म्हणजे दोन्हीकडून धरून राहतं. पोईच्या बाहेरून लोण्याऐवजी मेयोनीजचा पातळ हात फिरवला. त्यात तेल आणि अंडं दोन्ही असतं, त्यामुळे रंग छान येतो. गॅस अगदी बारीक, वर झाकण. घाई नाही. पाचेक मिनिटांनी झाकण काढलं तर कडेने चीजचा एक थेंब तव्यावर ओघळून जाळीदार, तपकिरी झाला होता. तो उलथन्याने सोडवून मी उभ्या उभ्याच खाल्ला, कोणाला न विचारता.

नवऱ्याने दोन संपवली. सासूबाईंनी अर्धं घेतलं, वास घेतला, एक घास चावला आणि निकाल दिला: "नुस्त्याचो वास ना हाका." याला माशाचा वासच नाही. खरं सांगायचं तर बरोबर होतं त्यांचं. मऊ, खारट, चीजखाली दडलेलं काहीतरी. इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, तुकडीची सर त्याला कुठली. पण पावसात, मेणबत्तीच्या उजेडात, गरम गरम चांगलं लागत होतं.

मग त्या उठल्या, बरणीतलं मिसकूट आणलं, पोई उघडली आणि लोणच्याचा खार बोटाने आत सगळीकडे लावला. मलाही एक घास दिला.

मोहरीची पेस्ट आता फ्रिजच्या दारात मागे सरकवून ठेवली आहे.