गणपती पूर्ण पोचला एकदाचा! (फॅक्स, पुढचा भाग)

मागच्या वेळी रडत होतो ना, की तांब्याची लाइन काढून फायबर आल्यापासून फॅक्स अर्ध्यातच मरतो, तर काल रात्री मिरजेच्या मामांच्या रोलवाल्या फॅक्स मशीनवर गणपतीच्या चित्राचं अख्खं पान गेलं. त्याआधी तीन आठवडे त्यांचा एकच फोन, "अरे, डोकं आलं गणपतीचं, सोंड आली, पोट कुठंय? खाली नुसत्या रेघा!"

मी आधी माझ्या फॅक्सवाल्या प्रिंटरलाच शिव्या घालत होतो. केबल बदलली, लाइनच्या भोकाऐवजी एक्स्टमध्ये (दुसरा फोन जोडायच्या भोकात) तर घातली नाही ना तेही चारदा बघितलं. मग डोक्यात आलं की लाइनच बाजूला काढून बघू. तापकीर गल्लीतून छोटा इंटरकॉमचा डबा आणला (दुकानदार म्हणे फॅक्स चालणार नाही, अशा लोकांचं कधी ऐकू नये), भावाच्या ऑफिसातून भंगारात निघालेलं मशीन दुसऱ्या टोकाला लावलं. प्रिंटर म्हणतो डायल टोनच नाही, कारण डब्याचा टोन वेगळा, ते डिटेक्शन बंद केलं आणि धडाधड ३३६०० च्या स्पीडला (बिट्स दर सेकंदाला) पान बाहेर, एक रेघ इकडची तिकडे नाही. म्हणजे प्रिंटर बिचारा निर्दोष.

घोळ फायबरच्या डब्यातल्या फोन पोर्टचा. आवाज छोट्या छोट्या तुकड्यांतून, म्हणजे पॅकेटमधून जातो, एखादं पॅकेट हरवलं किंवा उशिरा आलं तर आपल्या कानाला कळत पण नाही, फॅक्समधल्या मोडेमचा मात्र ताल सुटतो. त्यात ईसीएम (फॅक्समधल्या चुका सुधारायची सोय) चालू, म्हणजे चुकलेला तुकडा परत पाठव, तो पण चुकला, परत पाठव, शेवटी कंटाळून लाइन कट. डब्याच्या सेटिंगला कुलूप, आणि टेक्निशियन हसून म्हणाला, "फॅक्स? अजून वापरतं कोणी?"

नुसता स्पीड ९६०० केला तरी पडतच होतं. ईसीएम पण बंद केल्यावर गेलं! पोटावर दोन पांढऱ्या रेघा आल्यात, पण मामा म्हणाले जानवं समजू.

आता मामांचे फॅक्स इकडे रिसीव्ह करायचं. टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत) वालं अडॅप्टर घ्यायचं ठरवलं होतं, पण कंपनीकडून टी.३८ चालू नसेल तर ते नुसतं शोभेला, त्यामुळे थांबलो. आणि हे लिहिता लिहिता सुचलं, कपाटात यूएसबी मोडेम पडलाय, तो रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला लावून हायलाफॅक्स हे फॅक्सचं सॉफ्टवेअर टाकलं तर निदान हँडशेक (दोन मशीनची सुरुवातीची ओळखपाळख) कुठे तुटतो त्याचा लॉग तरी मिळेल. अडॅप्टरचे पैसे वाचले तर मामांना दोन रोल पाठवतो.

तूर्तास खरा अडथळा आई आहे. मामांच्या मशीनचा ११०० हर्ट्झचा टोन दर साडेतीन सेकंदांनी कुई करतो, प्रिंटर पाचव्या रिंगला उचलणार, आई दुसऱ्याच रिंगला उचलून "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणून तीनदा विचारते. रिंग दोनवर आणून बघितली, आई तरीही पुढे. शेवटी रिसीव्हरवर चिठ्ठी चिकटवलीय: रविवारी ११ ते १२ वाजू दे, उचलू नको, मामाच आहेत.