पानफुटी प्रेसमध्येच फुटली

काल झाडांचे नमुने दाबून वाळवायच्या प्रेसचे पट्टे सोडले आणि हसावं की रडावं कळेना. टीपकागदात दाबलेल्या पानफुटीच्या पानांच्या कडांना पिल्लं आलीत, तीही मुळांसकट! मी नमुना वाळवतोय आणि नमुना संसार थाटतोय. त्याच गठ्ठ्यातला कवला मात्र झकास उतरला, फुलं अजून पिवळीधमक.

श्रावणातल्या कोकणी हवेला दोष देऊन भागत नाही. पानफुटी दिवसा पर्णरंध्रं मिटून बसते, वरून जाड मेणचट साल. दाबली तरी पेशी जिवंत, आणि जिवंत पेशी पाणी सोडत नाही. ती सावकाश मेली की आणखी वाईट: आतले फिनॉल आणि विकरं (एन्झाइम) एकत्र येतात, पान काळं पडतं, पेरं सुटतात. म्हणजे पाणी काढायचं तर आधी पेशी झटक्यात मारायला हवी.

म्हणून दुसरी फांदी, फुलं बाहेर धरून, उकळत्या पाण्यात बुडवली. पाणी काढायला पाणीच! सकाळी कागद ओलाचिंब, आणि पान हाताला चक्क पातळ लागलं. रंग शेवाळी झाला, कारण उष्णतेने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. चालेल. पेरं शाबूत आहेत, मला तेवढं पुरे.

कागद साध्या वर्तमानपत्राचाच घ्या. रविवार पुरवणीचा गुळगुळीत कागद थेंबभर पाणी पीत नाही. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचं नवं पाकीट तर अर्धं गुलाबीच आलं, म्हणजे विक्रेत्याकडेच पाणी पिऊन तट्ट. ११० अंशांवर भाजल्यावर निळं झालं. निळ्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं, त्यामुळे पुढच्या वेळी नारिंगी घेणार. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तर निळं नकोच.

हे लिहितानाच डोक्यात आलं: उकडलेलं पान पुढे डीएनएसाठी भरवशाचं नाही. तेव्हा यापुढे बुडवण्याआधी पानाच्या बारीक पट्ट्या कापून थेट सिलिकात टाकायच्या. जितकं झटपट वाळेल तितका डीएनए कमी तुटतो.

आणि खरं तर उकळतं पाणी तरी कशाला? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ श्वाइनफुर्थची जुनी पद्धत आहेच: वर्तमानपत्रातला गठ्ठा अल्कोहोलने भिजवून पिशवीत हवाबंद करायचा, वाळवायचं नंतर. पेशी त्यानेही मरतात. पुढची फांदी तशीच करतो. वाऱ्याने पडलेली सीतेची वेणी, म्हणजे झाडावर वाढणारं ऑर्किड, तीही बादलीत थांबलीय. तिच्या जाड पानांवर स्पिरिट कुणी वापरलं असेल तर किती टक्क्यांचं, ते सांगा.