गाव सापडेना, केस बंद होईना

ऊसतोडीच्या हंगामात कृष्णाकाठच्या पट्ट्यात मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. नाडी, बीपी, ऑक्सिजन, दिलेली औषधं हे सगळं टॅबवर चालत्या गाडीत भरून होतं. छळतो तो पत्त्याचा रकाना.

जानेवारीतली रात्र होती. कळा सुरू झालेल्या एका बाईला ऊसतोड मजुरांच्या कोपीवरून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, उचललं आणि वेळेत ग्रामीण रुग्णालयात पोचवलं. मग फॉर्म अडला. जिल्हा बीड, तालुका धारूर, गाव? नवरा म्हणाला, "तांड्यावरचे आहोत, बाई." यादीत तो तांडा नव्हता. हाताने नाव लिहायची सोय नाही आणि गाव निवडल्याशिवाय पुढचं बटण चालत नाही. केस बंद होत नाही तोवर गाडी मोकळी दिसत नाही. वीस मिनिटं मी तीच यादी वरखाली करत होते. तेवढ्यात कुणाला आमची गरज लागली असती तर, या विचाराने हात थरथरत होते.

पायलट, म्हणजे आमचा गाडीचालक, म्हणाला, "मॅडम, कुठलंही गाव टाका आणि सोडा." बहुतेक जण तेच करतात. मला ते पटत नाही. दवाखान्यात प्रसूती झाली की ४२ व्या दिवसापर्यंत आशाताईंनी सहा वेळा घरी जाऊन बाळ बघायचं असतं. चुकीच्या गावात त्यांनी कुणाला शोधायचं?

शेवटी सासूने पदराखालची प्लॅस्टिकची पिशवी सोडली. आत रेशनकार्डाची झेरॉक्स होती, घडीवर फाटलेली. त्यावर लिहिलं होतं: मु. अमुक तांडा, पो. तमुक, ता. धारूर. पो. चं गाव यादीत होतं! वस्ती 'मु.' मध्ये असते आणि यादी महसुली, म्हणजे सरकारी दप्तरातल्या, गावांची, हे तेव्हा लख्ख कळलं. पण पोस्टाचं गाव आणि महसुली गाव दरवेळी एकच असेल असं नाही. म्हणून आता मी "गाव कुठलं?" असं न विचारता "ग्रामपंचायत कुठली?" असं विचारते. बुद्रुक की खुर्द, तेही तिथेच विचारून घ्या.

तरीही अर्धंच काम झालं होतं. ती बाळंतीण धारूरला जाणार नव्हती, कोपीवरच परतणार होती. ॲपमध्ये पत्त्याची जागा एकच. मग 'जवळची खूण' या रकान्यात लिहिलं: कारखान्याचा गट, मुकादमाचं नाव, ओढ्यापलीकडचा विजेचा डीपी. मुकादमाचा फोन नंबरही घेतला, कारण नवऱ्याचा मोबाइल चार्जिंगअभावी बंद होता. हेच सगळं प्रसूती कक्षातल्या सिस्टरना तोंडी सांगितलं. मूळ गाव आणि सध्याचा मुक्काम असे दोन रकाने द्या, हे मी वरती दोनदा लेखी कळवलंय. ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी येतात, हे काही नवीन नाही.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. लोकेशनचं बटण रुग्णाला गाडीत घेतानाच दाबा. दवाखान्याच्या दारात फॉर्म उघडलात तर घटनास्थळ म्हणून दवाखानाच नोंदला जातो. माझ्या पहिल्या महिन्यातल्या कितीतरी केसेस अशाच पडल्या आहेत आणि त्या आता दुरुस्त करता येत नाहीत.