लॅव्हेंडर: दोन गेली, तिसरं टिकलं

पुण्यात चौथ्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी आहे माझी, दुपारी बारा-साडेबारापासून सूर्य मावळेपर्यंत कडक ऊन. तुळस, गवती चहा, गुलाब सगळं नीट वाढतं म्हणून वाटलं लॅव्हेंडर पण जमेल की. त्यात जम्मूकडच्या भदरवाहच्या शेतांचे ते जांभळे फोटो बघून डोकं फिरलेलं. भदरवाह म्हणजे थंडीत बर्फ पडणारा डोंगराळ भाग, आणि आपण राहतो कुठे, हा विचार तेव्हा काही डोक्यात आला नाही.

आधी ऑनलाइन बिया मागवल्या. ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवल्या, थंडी मिळाल्याशिवाय त्या नीट उगवत नाहीत म्हणून (नवऱ्याने एकदा मोहरी समजून डबी बाहेर काढली होती 😄). तीसपैकी चार उगवल्या, त्यातली तीन आठवडाभरात आडवी झाली आणि चौथं एप्रिलच्या उन्हात गेलं. बियांचा नाद सोडला.

मग नर्सरीतून तयार रोप आणलं, अडीचशे रुपयांना. आणि इथेच मी माती खाल्ली. मस्त कोकोपीट, गांडूळखत, लाल माती असं गुलाबाला करतो तसं मिश्रण करून प्लास्टिकच्या कुंडीत लावलं आणि रोज सकाळी पाणी. मेपर्यंत ठीक होतं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तशी पानं मलूल व्हायला लागली, शेंडे खाली वाकले, मला वाटलं तहान लागली असेल, अजून पाणी घातलं. खालची पानं काळी पडली तरी माझं पाणी चालूच. शेवटी उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास. म्हणजे झाड पाण्यात बुडत होतं आणि मी त्याला पाणी पाजत होते. तेव्हापासून पान वाकलं की आधी बोट दोन पेरं मातीत घालते, ओलं लागलं तर पाण्याला हातच लावत नाही.

नंतर जरा वाचलं तेव्हा कळलं की हे मूळ भूमध्य समुद्राकडचं झाड, तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत, म्हणजे आपल्या बरोब्बर उलट. फोटोत दिसतं त्या इंग्लिश लॅव्हेंडरला फुलायला चांगली थंडी लागते. आपल्याकडे त्यातल्या त्यात दातेरी पानांचं जमतं, डेंटाटा नावाचं. वास थोडा कापरासारखा, पण त्याला थंडीचं एवढं काही पडलेलं नसतं.

तिसरं रोप तेच आणलं. मातीची कुंडी, खाली विटांचे तुकडे, मग निम्मी क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली बांधकामाची वाळू (धुवून, बारीक पावडर काढून टाकून, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते) आणि निम्मी माती, त्यात मूठभर शेणखत. बस. नंतर खत जवळजवळ नाहीच, खताने नुसता पाला वाढतो. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी, थंडीत आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात कुंडी आत पत्र्याखाली ओढते आणि दोन झाडांमध्ये हवा खेळेल एवढी जागा ठेवते, कारण नुसत्या दमट हवेनेपण मधली पानं सडतात. मे अखेरीला वरून तिसरा हिस्सा छाटते, पण हिरव्या भागापर्यंतच, खालच्या जुन्या लाकडात कात्री गेली तर तिथून परत फुटत नाही.

दोन पावसाळे काढलेत त्याने. जानेवारीत फुलं आली, फोटोतल्यासारखी गडद नाहीत, फिकट जांभळी, पण आली. आई हातावर चोळून म्हणाली, "दवण्यासारखं काहीतरी आहे गं." दर चैत्रात जोतिबाला जाणारी बाई, तिला दुसरं काय आठवणार.

त्या आधीच्या ऑक्टोबरमध्ये बोटाएवढ्या सहा काड्या लावल्या होत्या, फुलं नसलेल्या कोवळ्या शेंड्यांच्या, त्यातल्या तीन जगल्या. एक आईने नेलीय, तिच्या तुळशीशेजारी ठेवलीय. काल फोनवर सांगत होती, तुळशीला घालते तेव्हा तिलापण रोज तांब्याभर पाणी घालते.