ठेकेदाराची हरकत म्हणजे नकार नव्हे

ठेक्याचे कागद माहिती अधिकारात मागितले की हमखास येणारं उत्तर: 'त्रयस्थ पक्षाने हरकत घेतली, सबब माहिती देता येत नाही.' त्रयस्थ पक्ष म्हणजे इथे ठेकेदार. हे उत्तर कायद्याला धरून नाही. कलम ११ ठेकेदाराचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगतं. निर्णय मात्र जन माहिती अधिकाऱ्यानेच, कारणांसह द्यायचा असतो.

अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत ठेकेदाराला लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून म्हणणं मांडायला त्याला १० दिवस, आणि अर्ज मिळाल्यापासून ४० दिवसांच्या आत निर्णय. माहिती त्या ठेकेदाराची आहे आणि त्याने ती गोपनीय मानलेली आहे, अशा वेळीच ही नोटीस. कार्यारंभ आदेश (काम सुरू करण्याचा आदेश) आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही) कार्यालयातच तयार होतात. त्यांना हा नियम लावणं मला ओढूनताणून वाटतं.

खरी कसोटी कलम ८(१)(घ)ची: माहिती उघड झाल्याने स्पर्धेत ठेकेदाराचं नुकसान होईल का? निविदा उघडण्याआधी दर फुटले तर नक्कीच होईल. करार झाल्यावर मात्र स्वीकृत दर म्हणजे लोकांच्या पैशातून मोजलेला भाव. तो लपवायला मला एकही पटणारं कारण दिसत नाही.

जलशुद्धीकरण केंद्राची निविदा घ्या. तांत्रिक लिफाफ्यात अनुभवाचे दाखले, यंत्रांची यादी आणि कदाचित दोन-चार पानं कंपनीच्या स्वतःच्या प्रक्रियेची. ती पानं जपलीच पाहिजेत, त्यामागे वर्षांची मेहनत असते. पण त्या चार पानांसाठी दोनशे पानांचा गठ्ठा अडवू नये. गुप्त भाग वगळून बाकीचा द्यायला सांगणारं कलम १० त्यासाठीच आहे. अधिकाऱ्यांनी झाकायचा मजकूर मार्करने काळा करून तेच पान देऊ नये, उजेडात धरलं की आकडे दिसतात. आधी झेरॉक्स, त्यावर काळं, मग त्याची पुन्हा झेरॉक्स. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर कॉपी करता येतो. पान छापून, झाकून, स्कॅन करा.

कंपन्यांनी प्रत्येक पानावर 'गोपनीय' शिक्का मारून काही साधत नाही. गुपित वेगळ्या परिशिष्टात ठेवा आणि कोणत्या पानावरचं काय उघड झालं तर प्रतिस्पर्ध्याला नेमका कोणता फायदा होईल, ते लिहा.

अर्जदारांनी 'निविदेची सर्व कागदपत्रं' लिहू नये. एका गुप्त पानापायी सगळाच गठ्ठा ४० दिवसांच्या वाटेला लागतो. महाराष्ट्रात अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे, तेवढ्यात नेमकी नावं बसतात: तुलनात्मक तक्ता (सगळ्या निविदांचे दर एकत्र दाखवणारा), स्वीकृत दरपत्रक, करारनामा, मोजमाप पुस्तिका, अदा केलेली देयकं. शेवटी 'कलम १०नुसार वगळण्याजोगा भाग वगळून उर्वरित द्यावे' ही ओळ घाला.

नकार आलाच तर ३० दिवसांत प्रथम अपील. माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५)नुसार अधिकाऱ्यावर आहे. म्हणून अपिलात तीन गोष्टी मागा: नोटिशीची प्रत, तिचा जावक क्रमांक आणि ठेकेदाराचं लेखी उत्तर.