सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकणारे ओव्हरक्लॉकिंग : भाग निवडण्याचा माझा अनुभव

ओव्हरक्लॉकिंगचे, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचे, जे आकडे वाचायला मिळतात ते बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो, आणि स्लॅबखालची बिनाएसीची खोली दुपारी ३७-३८ अंशांना सहज पोचते. पंख्याच्या हवेवर थंड होणारा प्रोसेसर एकाच कामाला खोलीपेक्षा साधारण तेवढ्याच अंशांनी वर राहतो. डिसेंबरात २४ अंशांच्या खोलीत ७४ दाखवत असेल, तर मेमध्ये तोच ८८ दाखवणार. म्हणून प्रत्येक भाग निवडताना मी मे महिन्यातली दुपार डोळ्यासमोर ठेवली. हिवाळ्यात काय मिळते ते वरकड.

प्रोसेसर रायझन ५ ७६०० घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉटचा वर्ग. मूळ सेटिंगमध्ये सॉकेटमधून जास्तीत जास्त ८८ वॉट ओढतो. नावात एक्स नसला तरी ओव्हरक्लॉकिंग पूर्ण खुले आहे. इंटेलमध्ये हेच करायचे तर के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा मदरबोर्ड दोन्ही लागतात. बी७६० बोर्डवर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. शिवाय आय५ १४६००के टर्बोत १८१ वॉटपर्यंत जातो, आणि ती सगळी उष्णता शेवटी आपल्याच खोलीत येते. एक गोष्ट आधीच समजून घ्या : ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि पीबीओ (प्रोसेसरची वीजमर्यादा वाढवणारी सेटिंग) व एक्सपो (रॅमचे तयार वेगवान प्रोफाइल) हेही त्यातच धरले जातात.

बोर्ड निवडताना ए६२० चिपसेटचा टाळा, त्यावर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग नाही. बी६५० पुरतो, पण सगळे बी६५० सारखे नसतात. स्वस्त बोर्डांत प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्हीआरएमवर हीटसिंकच नसते किंवा एकाच बाजूला असते. प्रोसेसरसोबत येणारा छोटा पंखा खाली हवा फेकतो, ती व्हीआरएमलाही लागते. टॉवर कूलर बसवला की हवा आडवी जाते आणि व्हीआरएम कोरडे पडते. त्यामुळे दोन्ही बाजूंना भरीव हीटसिंक असलेला बोर्ड घ्यायचा, आणि कॅबिनेटचा मागचा पंखा त्याच उंचीवर हवा बाहेर ओढतो ना ते पाहायचे. मागे बायोस (बोर्डमधले मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचे बटण असले तर उत्तम. प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो.

कूलरमध्ये मी लिक्विड घेतला नाही. पाणी फिरवले तरी प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही, आणि पंप बंद पडला तर अख्खा संच कुरिअरने बाहेरगावी पाठवून वाट पाहावी लागते. साध्या टॉवर कूलरचा १२० मिलिमीटरचा पंखा कुठल्याही दुकानात मिळतो, दहा मिनिटांत बदलतो. चार हीटपाइपचा, १५५ मिलिमीटर उंचीचा टॉवर ओव्हरक्लॉक करून वाढवलेल्या ११०-१२० वॉटला पुरेसा आहे. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती आधी जुळवा.

कॅबिनेटवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि इथे तो घालवायलाच हवा. समोर पूर्ण काच असलेली रंगीत दिव्यांची कॅबिनेट दुकानात ढिगाने असतात. त्यांत हवा कडेच्या फटीतून येते. समोर जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर, खाली एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) वेगळा फिल्टर, एवढे पाहा. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ राहणाऱ्यांनी तर फिल्टरशिवाय कॅबिनेट घेऊच नये. यंत्रमागाचा कापसाचा तंतू साध्या धुळीसारखा उडून जात नाही. तो हीटसिंकच्या पट्ट्यांत अडकून नमद्यासारखा थर करतो, आणि ब्लोअरनेही निघत नाही. समोर दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, असे बसवले की आतला दाब थोडा जास्त राहतो आणि फटींतून धूळ ओढली जात नाही. पाण्याचा कूलर खोलीत असेल तर त्याच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका : बोअरच्या पाण्याचे क्षार तुषारांबरोबर आत जातात.

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५ ६०००, सीएल३० (प्रतिसादाचा विलंब, कमी तितका चांगला), १.३५ व्होल्टच्या. या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर ६००० ला रॅमच्या बरोबरीने चालतो. त्यापुढे बहुतेक वेळा निम्म्या वेगावर उतरतो आणि पैसे वाया जातात. चार पट्ट्या लावू नका. चार पट्ट्यांना एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० आहे. एक्सपो चालू केल्यावर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचे) किती झाले ते नक्की पाहा. २०२३ मध्ये ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर याच व्होल्टेजमुळे जळाले, आणि नंतर एएमडीने बायोसमधून १.३ व्होल्टची मर्यादा घातली. मी ते १.२ वर ठेवले आहे, ६००० ला पुरते.

आता वीज. प्रोसेसरला ११० वॉट, आरएक्स ७६०० ग्राफिक्स कार्डाला १६५, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंख्यांना ५०-६०. बेरीज ३३५ च्या आसपास. कार्ड क्षणभर याहून बरेच जास्त ओढते, म्हणून ६५० वॉटचा एसएमपीएस. गोल्ड प्रमाणपत्र कार्यक्षमता सांगते, दर्जाची खात्री देत नाही. पूर्ण वॉट किती तापमानाला मिळतात ते तपशीलपत्रात शोधा. २५ किंवा ४० अंशांना मोजलेला ६५० वॉट आपल्या मेमध्ये तितका राहत नाही. ५० अंशांचा आकडा दिलेला घ्या. यूपीएसचा हिशेब वेगळा. भिंतीतून साधारण ३७० वॉट, मॉनिटर धरून ४००. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटचाच असतो, म्हणून लाइट गेली की तोही बंद. १००० व्हीए, ६०० वॉटचा घ्या, आणि घेण्याआधी आपल्याच एसएमपीएसवर चालवून पाहा, कारण काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर स्वीकारत नाहीत.

अर्थिंग तपासल्याशिवाय नवा संच लावू नये. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हींत २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. जास्त आले तर वायरमनला बोलवा. जुन्या घरांत तिसरी वायर सॉकेटपर्यंत येते आणि पुढे कुठेच जोडलेली नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या त्यामुळे.

जोडणीत विशेष काही नाही. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढा, पेस्ट वाटाण्याएवढी मध्यभागी, स्क्रू आळीपाळीने कोपरे धरून आवळा. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटे काळाच राहतो : बोर्ड रॅम जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका.

सेटिंगमध्ये ठरावीक वेग आणि व्होल्टेज लादण्याची जुनी पद्धत मी वापरली नाही. त्यात हलक्या कामालाही प्रोसेसर तापतो. पीबीओ ॲडव्हान्स्डमध्ये पीपीटी (सॉकेटमधून ओढायच्या विजेची मर्यादा) ११० वॉट, तापमानाची मर्यादा ८५ अंश, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (त्याच वेगाला लागणारे व्होल्टेज घटवणारी सेटिंग) सर्व कोअरना उणे. कर्व्हचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे १० पासून सुरुवात, मग १५, मग २०. सिनेबेंच (सगळे कोअर राबवणारी चाचणी) चालले म्हणजे झाले असे समजू नका. उणे कर्व्हची खरी परीक्षा हलक्या कामात होते, कारण एकच कोअर कमाल वेगावर जातो तेव्हा व्होल्टेजचे अंतर सर्वांत तुटपुंजे असते. संगणक रिकामा असताना अचानक रिस्टार्ट होतो तो त्यामुळे. कोअरसायकलर (एकेक कोअर तपासणारे सॉफ्टवेअर) रात्रभर चालवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया लॉगरची (हार्डवेअरच्या चुकीची) नोंद आली तर तिच्यातील एपीआयसी आयडी या क्रमांकावरून कोणता कोअर अडला ते कळते; फक्त त्यालाच उणे १० वर आणा. सर्वांत वेगवान दोन कोअरना सहसा सर्वांत कमी सूट मिळते. सर्व कोअर चालू असताना माझ्याकडे वेग ४.८-४.९ वरून ५.१ गिगाहर्ट्झच्या आसपास स्थिरावला.

रॅमची चाचणी ग्राफिक्स कार्ड तापलेले असतानाच करा. थंड कॅबिनेटमध्ये रॅम तपासणारी मेमटेस्ट बिनचूक जाते, पण खेळताना कार्डाची गरम हवा थेट पट्ट्यांवर येते. डीडीआर५ मध्ये तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये आकडा दिसतो. ५५ च्या वर जात असेल तर टायमिंग (रॅमच्या विलंबाचे आकडे) आणखी आवळण्याचा नाद सोडा.

बायोसमध्ये दोन प्रोफाइल जपून ठेवले आहेत. मार्च ते जून पीपीटी पुन्हा ८८ वॉट, कर्व्ह तसाच. वेगात फरक थोडा पडतो, तापमान मात्र चांगलेच उतरते. बाकीचे महिने ११०. उन्हाळ्यात फिल्टर पंधरा दिवसांनी धुवायचा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरायचे. मोकळे सोडले तर बेअरिंग खराब होते. बायोस अपडेट केल्यावर ही सेटिंग पुसली जातात आणि जुने प्रोफाइल बहुधा चालत नाही, म्हणून प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा.