आठवड्याला सोळाच तास, मग ताण कसला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. धरमपेठेत चहाला भेटणारे असोत की गोंदियाहून आलेले पाहुणे, प्रश्न ठरलेला: "सर, कॉलेजात सोळा तास शिकवायचं, सुट्ट्याही भरपूर. तुम्हाला कसलं टेन्शन?"

सोळा तास खरे आहेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष अध्यापन १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४. पण आठवड्याचं एकूण काम ४० तास, हेही तिथेच लिहिलंय. उरलेल्या चोवीस तासांचा हिशेब करा. साठ मुलं, चार पेपर. म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाच्या २४० वह्या. वहीला दहा मिनिटं धरली तरी ४० तास. अख्खा आठवडा गेला, तासाची तयारी आणि संशोधन अजून बाकीच.

वह्या तपासून माणूस थकतो. खचतो तो पुरावे गोळा करून. एका तासाच्या पाहुण्या व्याख्यानाची फाइल बघा: प्राचार्यांची परवानगी, सूचना, निमंत्रणपत्र, मुलांच्या सह्या, अक्षांश-रेखांश दिसणारे फोटो, अभिप्राय, अहवाल, आभारपत्र. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवायचं तर हे सगळं हवं. पोट्ट्यांच्या डोक्यात काय शिरलं, याला मात्र रकाना नाही. शिकवायच्या हौसेनं आलेला माणूस वर्षाअखेर कारकुनी करत बसतो, आणि 'मी नेमका कोण' हा प्रश्न तिथे सुरू होतो.

पदोन्नतीतही तेच. लेव्हल १० (सहायक प्राध्यापकाची सुरुवातीची वेतनश्रेणी) वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, नुसतं नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) असेल तर सहा. रिफ्रेशर (प्राध्यापकांचा उजळणी वर्ग) राहिला की पात्रतेची तारीख पुढे सरकते आणि मधल्या काळाचा पगारातला फरक बुडतो. नेमून दिलेल्या तासिकांपैकी ८० टक्के घेतल्या तर शेरा 'चांगला'. ७० च्या खाली गेलात तर 'असमाधानकारक'. म्हणून तास बुडाला तो कशामुळे हे दाखवायला निवडणुकीची ड्युटी, मूल्यांकन केंद्र, जिथे पाठवतील तिथला आदेश जपून ठेवा. फाइल महिन्याच्या महिन्याला लावा. मार्चमध्ये एकदम बसलात की सह्या करणारी मुलं परीक्षेच्या सुट्टीवर गेलेली असतात.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची गोष्ट निराळी. घेतलेल्या तासाचेच पैसे, उन्हाळ्यात तेही बंद. सकाळी वर्ध्यात आणि दुपारी नागपुरात तास घेणाऱ्याला स्टाफरूममध्ये स्वतःचं कपाटही नसतं. फाइल नीट लावून हा ताण जाणार नाही, त्यासाठी रिक्त जागाच भराव्या लागतील. तोवर एवढं तरी करा: विषय, तासांची संख्या आणि नियुक्ती आदेशाचा क्रमांक लिहिलेलं अनुभव प्रमाणपत्र सत्र संपतानाच मागून घ्या. ऑफिसातले बाबू बदलले की जुनं रजिस्टर शोधायला कुणी उठत नाही.